झाकणाच्या चाकाला तुंबा नसतो

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुण्यात सिंहगड रोडला राहता, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. दिवाळीच्या सुट्टीत दोघांना घेऊन पाण्याच्या बाटलीची गाडी करायला बसलात. सामान म्हणजे चार झाकणं, दोन बांबूच्या काड्या, कागदी स्ट्रॉ आणि ग्लू गन. गाडी दिसायला छान झाली, पण ढकलली की चाकं फिरायच्या ऐवजी फरपटत जातात. मुलगी वीस मिनिटांत उठून टीव्हीपुढे गेली, मुलगा रडला, आणि रात्री अकरा वाजता तुम्ही एकटेच ती गाडी दुरुस्त करत बसला होतात. सुट्टी संपल्यावर शाळेत 'टाकाऊतून टिकाऊ'चा प्रकल्प द्यायचा आहे. म्हणून तुम्ही विचारलंत की कोणतं साहित्य चांगलं, की सरळ एखादं किट आणावं?

मी सव्वीस वर्षं शाळेत कार्यानुभव शिकवला. निवृत्त झाल्यावरही दर उन्हाळ्यात सहकारनगरला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलांना घेऊन बसते. या काळात बाटल्यांच्या, खोक्यांच्या, काडेपेट्यांच्या इतक्या गाड्या हाताखालून गेल्या आहेत की तुमच्या गाडीचं काय झालं असेल ते बरंचसं न पाहता सांगता येईल.

किट आणू नका, हे आधीच सांगते. किटमध्ये चाकाचं भोक बरोबर मध्यावर पाडून आलेलं असतं आणि काडी मापात कापलेली असते. म्हणजे मुलांनी जिथे डोकं लावायचं, नेमक्या त्याच दोन जागा कुणीतरी आधीच भरून ठेवलेल्या असतात. साहित्यही तुमचं चुकलेलं नाही. अडलंय ते दोन ठिकाणी. एक, चाकं आणि काडी एकमेकांशी कशी जोडायची हे ठरलं नव्हतं. दुसरं, गाडी चालायच्या आधीच ती कायमची चिकटवून टाकली. त्यामुळे बिघडलं कुठे हे मुलांना बघताच आलं नाही. मुलगी टीव्हीपुढे गेली ती कंटाळून गेली असं मला वाटत नाही. तिच्या हाताला करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

काही गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. फरशी कसली आहे? गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल असेल तर झाकणाची चाकं घसरतात. जुनी शहाबादी असेल तर लहान चाक सांध्यात अडकतं. मोकळी जागा किती आहे? घरात आणखी एखादं रांगतं बाळ आहे का? असलं तर झाकणं, मणी आणि फुग्याचे तुकडे जमिनीवर राहताच कामा नयेत. तुमच्या दोन मुलांत तीन वर्षांचं अंतर आहे, तेव्हा दोघांना मिळून एक गाडी देऊ नका. एक गाडी म्हणजे एक करणार आणि एक बघणार, आणि बघणारा रडणार.

आता चाकाकडे येते, कारण सगळं तिथेच आहे.

माझं लहानपण सासवडच्या बाजूला गेलं. सुगी झाली की आम्ही जोंधळ्याच्या धाटांची बैलगाडी करायचो. धाटाची साल सोलायची, आतलं पांढरं भेंड काढायचं, सालीच्या पट्ट्या आणि बाभळीचे काटे भेंडात खोचून सांगाडा उभा करायचा. सालीने बोट कापलं नाही असं पोर गावात नव्हतं. खऱ्या बैलगाडीत आस, म्हणजे दोन चाकांमधला आडवा दांडा, जागच्या जागी राहतो आणि चाक त्याच्यावर फिरतं. चाकाच्या मधोमध लाकडाचा तो जाड गोळा असतो ना, ज्यात आरे बसवलेले असतात, तो तुंबा. तुंबा चांगला वीतभर लांब असतो. आस त्याच्या पोटातून जातो, म्हणून एवढं मोठं चाक असूनही लडबडत नाही, उभंच्या उभं राहतं.

बाटलीचं झाकण हातात घ्या आणि त्याची जाडी बघा. एक-दीड मिलिमीटर. त्याला भोक पाडून काडीवर सैल फिरायला सोडलं तर त्याला धरून ठेवणारं काहीच नाही. ते एका बाजूला कलतं, बाटलीला घासतं आणि अडतं. झाकणाच्या चाकाला तुंबा नसतो, म्हणून बैलगाडीची पद्धत त्याला लागू पडत नाही.

इथे रेल्वेची पद्धत घ्यायची. रेल्वेच्या डब्याची समोरासमोरची दोन्ही चाकं आसावर घट्ट बसवलेली असतात. चाक, आस, चाक असा एकच जोड मिळून फिरतो, आणि आसाला टोकांशी धरून ठेवायला पेट्या असतात. मुलांना पुणे स्टेशनच्या फलाटावर उभं करून दाखवा. नाहीतर कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथे न्या. गाडी पुढे जाते तेव्हा नक्की काय काय फिरतंय, एवढाच प्रश्न विचारा. आपल्या गाडीत झाकण काडीवर घट्ट बसवायचं, आणि काडी नळीत सैल फिरू द्यायची. नळी बाटलीला बांधलेली. घट्ट कुठे आणि सैल कुठे, हे एकदा ठरलं की निम्मी गाडी झाली.

तुमच्या गाडीत मला वाटतं गोंद नळीच्या तोंडात शिरलाय. ग्लू गनचा गोंद गरम असताना पातळ असतो, काडीवरून ओघळून स्ट्रॉच्या आत जातो आणि गार झाला की काडी स्ट्रॉला धरून बसते. मग घट्टही तिथेच आणि सैल असायला हवं तेही घट्ट. असं असेल तर गाडी ढकलून उपयोग नाही, ती फरपटणारच.

झाकण काडीवर घट्ट बसवायला गोंद लागत नाही. जुन्या रबरी स्लिपरच्या तळव्यातून झाकणाच्या आत बसेल एवढी गोल चकती कापा. कापायचं काम तुमचं. चकती झाकणात दाबून बसवा आणि दोन्हींतून मिळून एकच भोक पाडा. रबर काडीला गच्च धरतं आणि झाकणाला सेंटिमीटरभर जाडी मिळते. झाकणाला तुंबा मिळाला! मुलांना हा शब्द सांगा. नऊ वर्षांच्या मुलीला 'तुंबा' म्हणजे काय हे एकदा हातानं कळलं की ती रस्त्यावरच्या प्रत्येक चाकाचा मध्य बघायला लागते. स्लिपर नसेल तर दोन झाकणं तोंडाला तोंड लावून चिकटपट्टीने बांधा. दोन भोकांतून काडी गेली की तेही बऱ्यापैकी ताठ राहतं.

भोक मध्यावर पडलं नाही तर गाडी लंगडते. मध्य शोधायची एक युक्ती मुलांना फार आवडते. बऱ्याच झाकणांच्या पाठीवर, अगदी मध्यभागी, एक बारीक पुटकुळी असते. बोट फिरवलं की जाणवते, उजेडात तिरकं धरलं की दिसते. साच्यात प्लॅस्टिक ओतताना ते तिथूनच आत शिरतं, त्याची ती खूण. झाकणांचा ढीग समोर ठेवून मी पोरांना म्हणते, "डोळे मिटा आणि बोटाने मध्य सांगा." ज्या झाकणाला खूण नसेल ते कागदावर ठेवून पेन्सिलने गोल काढा, गोल कापा, दोनदा घडी घाला. घड्या जिथे एकमेकींना छेदतात तो मध्य. सहा वर्षांच्या मुलालाही हे जमतं आणि त्याला ते जादूसारखं वाटतं.

भोक पाडायला खिळा तापवून लावतात. ते मोठ्या माणसाने खिडकीपाशी करायचं काम आहे, धूर नाकात जाऊ द्यायचा नाही. मी त्यापेक्षा दाभण, म्हणजे पोती शिवायची जाड सुई, वापरते. झाकण जुन्या स्लिपरवर पालथं ठेवायचं, दाभणाचं टोक खुणेवर टेकवायचं आणि सावकाश फिरवत दाबायचं. दाभण बोहरी आळीत कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. नऊ वर्षांच्या मुलीला दाभण द्यायचा का? तिचा हात बघून ठरवा. मी देते, पण झाकण पकडीत धरून देते, बोटांत नाही. सहाच्या मुलाला देत नाही.

नळीचं काय? १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर देशभर बंदी आहे, आणि ती आली हे चांगलंच झालं. कागदी स्ट्रॉ मात्र घाम, गोंद, पाणी कशानेही मऊ पडतो आणि आतून खरखरीत होतो. मी दोन जोड्या वापरते. बांबूची जाड काडी असेल तर वाळलेल्या स्केचपेनची नळी, दोन्ही बुचं काढून. उदबत्तीची जळून उरलेली काडी किंवा खराट्याचा सरळ हीर असेल तर बॉलपेनची संपलेली रिफिल, पितळी टोक कापून. काडी नळीत घालून नळी तिरकी धरा. काडी आपल्या वजनाने घसरून खाली आली तर जोडी जमली. अडकली तर काडी थोडी घासा किंवा दुसरी नळी घ्या. हे घालून-काढून बघणं मुलांनाच करू द्या. रिफिलीची शाई हाताला लागेल, त्यासाठी खाली वर्तमानपत्र अंथरा आणि जुने कपडे घाला.

एक बारकं काम मोठमोठे लोक विसरतात. नळी बाटलीच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंनी जराशी, तांदळाच्या दाण्याएवढी, बाहेर आली पाहिजे. नाहीतर चाक बाटलीच्या अंगाला घासतं. तुटलेल्या माळेचा एक-एक मणी चाक आणि नळी यांच्यामध्ये ओवला तर फारच छान.

आता चिकटवण्याबद्दल. यावर मी हट्टी आहे. गाडी दहा वेळा पळून होईपर्यंत घरातला सगळा गोंद कपाटात राहिला पाहिजे. फेव्हिकॉल प्लॅस्टिकला धरत नाही आणि वाळेपर्यंत मुलं थांबत नाहीत. झटपट चिकटणारे गोंद बोटं चिकटवतात, ते मुलांच्या हातात नकोतच. रबर बँड, सुतळी, कपडे वाळत घालायचे चिमटे आणि कागदी चिकटपट्टी एवढ्यावर गाडी उभी राहते. बांधलेली गाडी सोडता येते. नळी तिरकी बसली असेल तर रबर सरकवून सरळ करता येते. आणि ही सरकवासरकवी हाच तर मुलांचा खेळ आहे.

नोकरीच्या सुरुवातीची एक गोष्ट सांगते. चौथीच्या वर्गासाठी मी रात्री जागून चाळीस पुड्या केल्या होत्या. प्रत्येक पुडीत भोकं पाडलेली चार झाकणं, मापाच्या काड्या, काडेपेटीचा खोका. पस्तीस मिनिटांच्या तासात चाळीसच्या चाळीस गाड्या तयार झाल्या आणि चाळीसही चालल्या. मला फार आनंद झाला. शाळा सुटल्यावर वर्गात आले तर बाकांवर एकतीस गाड्या तशाच पडलेल्या. मी त्या मोजल्या होत्या, म्हणून आकडा अजून लक्षात आहे. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तुकडीला मी टोपलीभर सामान दिलं आणि माझी एक चालणारी गाडी टेबलावर ठेवली. दोन तासांत फक्त सहा गाड्या चालल्या. भांडणं झाली, एकाने दुसऱ्याचं झाकण पळवलं. पण संध्याकाळी वर्गात एकही गाडी नव्हती. न चालणाऱ्यासुद्धा दप्तरातून घरी गेल्या होत्या. त्या दिवसापासून मी पुड्या करणं बंद केलं.

म्हणून तुम्हाला सांगते, तुमचं काम सामान गोळा करण्याचं आणि धारदार वस्तू हाताळण्याचं. शोधायचं काम त्यांचं.

मुलाला, म्हणजे सहा वर्षांच्याला, इंजिन नसलेली गाडी द्या. टूथपेस्टचा खोका, दोन आस, चार चाकं, बस. पाट किंवा इस्त्रीचं टेबल एका बाजूने पुस्तकांवर टेकवा आणि उतारावरून सोडू द्या. दिवाळीचा किल्ला केला असेल तर त्याच्या मागच्या बाजूने पुठ्ठ्याचा घाटरस्ता काढा, आमच्या सोसायटीत दरवर्षी काढतात. एक पुस्तक ठेवल्यावर गाडी किती लांब गेली, दोन ठेवल्यावर किती? टाइल दोन फुटांच्या असतील तर फरश्याच मोजायच्या, टेप लागत नाही. मग खोक्यात चार नाणी ठेवून बघायची. "जड गाडी लांब जाईल की हलकी?" हे त्याला आधी बोलू द्या, मग सोडू द्या. उत्तर चुकलं तरी तुम्ही काही बोलू नका, गाडी सांगेल.

मुलीसाठी दोन रस्ते आहेत, फुगा किंवा रबर. फुग्याची गाडी लवकर होते. स्केचपेनच्या नळीवर फुग्याचं तोंड रबराने घट्ट बांधायचं, नळी बाटलीच्या पाठीवर जमिनीला समांतर आणि तोंड बरोबर मागे. हवा मागे जाते, गाडी पुढे. नळी जरा जरी वर झुकली असेल तर त्यातली थोडी ताकद गाडी जमिनीवर दाबण्यात जाते. फुग्याला एकच सावधगिरी. आठ वर्षांखालच्या मुलांच्या घशात न फुगवलेला किंवा फुटलेला फुगा अडकण्याचा धोका असतो. तेव्हा धाकट्याला फुगवायला देऊ नका आणि फुटलेला तुकडा लगेच उचला.

मला स्वतःला रबराची गाडी जास्त आवडते, कारण त्यात मुलगी गणिताला भिडते. मागच्या आसाला मध्यावर एक बारीक खाच किंवा टाचणीचा आकडा करायचा. रबर बँड गाडीच्या पुढच्या बाजूला बांधायचा, त्याचं दुसरं टोक त्या आकड्यात नुसतं अडकवायचं आणि मागची चाकं उलटी फिरवून गुंडाळायचं. सोडलं की रबर उलगडतं, आस फिरतो. इथे हमखास एक चूक होते. रबर आसाला गाठ मारून बांधतात. मग ते पूर्ण उलगडल्यावर दुसऱ्या बाजूने गुंडाळायला लागतं आणि गाडीला ब्रेक बसतो. नुसतं अडकवलेलं असलं की शेवटी सुटून जातं आणि गाडी वेगात पुढे निघून जाते.

आता मागची चाकं कसली लावायची ते तिला ठरवू द्या. झाकण साधारण ३ सेंटिमीटरचं, म्हणजे एका फेऱ्यात गाडी साडेनऊ सेंटिमीटर पुढे जाते. घरात जुन्या सीडी असतील तर सीडी १२ सेंटिमीटरची असते, तिच्या एका फेऱ्यात जवळजवळ ३८ सेंटिमीटर. दहा वेढे दिले तर झाकणाची गाडी मीटरभरही जात नाही आणि सीडीची पावणेचार मीटर. हे गणित तिला आधी सांगू नका. चाकाच्या कडेला स्केचपेनने एक ठिपका द्यायचा, ठिपका खाली टेकलेला असताना फरशीवर खूण करायची, एक फेरा पूर्ण झाला की दुसरी खूण. अंतर तिलाच मोजू द्या. नंतर ती म्हणेल की मोठं चाक लावू. लावू द्या. मोठं चाक फिरवायला जोर जास्त लागतो, तेव्हा कदाचित गाडी जागची हलणारच नाही, किंवा टाइलवर चाक नुसतं गरगर फिरेल. तेव्हा सीडीच्या कडेला फुटक्या फुग्याची रबरी पट्टी ताणून चढवा, पकड येते. सीडीचं मधलं भोक १५ मिलिमीटरचं असतं, काडीपेक्षा खूप मोठं. तिथे पुन्हा स्लिपरची चकती दोन्ही बाजूंनी. तुंबा परत आलाच.

मोटार आणि सेलचं मी मूल अकरा-बारा वर्षांचं झाल्यावर काढते. तुमच्याकडे त्याला अजून वेळ आहे. तेव्हा लागली तर छोटी तीन व्होल्टची मोटार तपकीर गल्लीत मिळते, किंवा बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात मोडक्या खेळण्यातली. बटणासारखे चपटे सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, गिळले तर अन्ननलिकेला जखम होते. आणि मोबाइलची जुनी बॅटरी कधीही उघडायची नाही.

गाडी एका बाजूला वळते ही तक्रार पुढे येईलच, म्हणून आत्ताच लिहिते. दोन्ही आस एकमेकांना समांतर नसले की असं होतं. ज्या बाजूला ते एकमेकांच्या जवळ आलेले असतात त्या बाजूला गाडी वळते. चौकटीच्या वहीच्या पानावर गाडी ठेवा आणि दोन्ही आस रेघांवर येतात का बघा. एका मुलाने माझ्याकडे हे मुद्दाम बिघडवून ठेवलं होतं, कारण त्याला गाडी खांबाला वळसा घालून परत आणायची होती. खांबाचं अंतर बघून तो आस थोडा थोडा तिरका करत होता. मी नुसती बघत बसले.

पुण्यात या सगळ्याला आपल्याकडे मोठा आधार आहे. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरमधून बाहेर पडून इथल्या टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, नोकरीला लागले. पुढे १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी न् काडेपेटीच्या काड्या जोडून मुलांना सांगाडे करायला शिकवू लागले. नंतर ते बरीच वर्षं विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. टाकाऊ वस्तूंच्या त्यांच्या खेळण्यांचे व्हिडिओ मराठीतही फुकट बघायला मिळतात. मुलांबरोबर बघा, पण एका दिवशी एकच. दहा बघितले की नुसतं बघणंच होतं.

सामान विकत आणू नका. घरात एक खोका ठेवा आणि महिनाभर झाकणं, संपलेली स्केचपेनं, रिफिली, तुटके मणी, फुटके फुगे त्यात टाकत जा. गल्लीतल्या सायकलवाल्याकडे मुलांना पाठवा. तुटके स्पोक आणि पंक्चर ट्यूबचे तुकडे तो बहुतेक वेळा असेच देतो, आणि त्याच्याकडे उभं राहून दहा मिनिटं चाक बघणं हा वेगळाच फायदा. स्पोक मात्र पकडीने तुम्ही कापा आणि टोकं कानशीने घासा. कचरा न्यायला ज्या ताई येतात त्यांच्याशी मुलांची ओळख करून द्या. कुठली बाटली कुठल्या भावाने जाते हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. बाटली धुऊन, झाकण वेगळं करून दिली की त्यांचं काम हलकं होतं हेही मुलांना त्यांच्याकडूनच कळू द्या.

शाळेच्या प्रकल्पाचं तुम्हाला टेन्शन आलेलं दिसतं. 'टाकाऊतून टिकाऊ' या शब्दाने पालक घाबरतात आणि रंग, चमकी, थर्माकोल आणून गाडी सजवतात. खेळणं वर्षभर टिकलंच पाहिजे असं नाही. शिक्षिका म्हणून सांगते, माझ्या टेबलावर सजवलेल्या पण न हलणाऱ्या पुष्कळ गाड्या आल्या. मी मुलाला विचारायचे, "हे चाक का अडतंय?" तो बाबांकडे बघायचा. तुमच्या मुलीला गाडीबरोबर वहीचं एक पान द्यायला सांगा. पहिली गाडी का चालली नाही, काय बदललं, कितव्या वेळी चालली, किती फरश्या गेली. सोबत एक चित्र, त्यात घट्ट काय आणि सैल काय हे बाणाने दाखवलेलं. तिच्या अक्षरात, तिच्या चुकांसकट. बाईंना ते पान गाडीपेक्षा आवडेल अशी माझी खात्री आहे. आणि नाही आवडलं तरी पान तिच्यापाशी राहील.

वेळेचंही बोलते. सगळं एका बैठकीत उरकू नका. पहिल्या दिवशी फक्त चाकं आणि आस, बाटलीला हातसुद्धा लावायचा नाही. चाक, काडी, चाक असा जोड करून तो उतारावरून नुसता सोडायचा. तो सरळ घरंगळला की त्या दिवसाचं काम संपलं. दुसऱ्या दिवशी नळ्या आणि बाटली. फुगा किंवा रबर तिसऱ्या दिवशी. रोज अर्धा-पाऊण तास, आणि मुलं रंगात असतानाच थांबायचं.

तुमची ती चिकटलेली गाडी फेकू नका. सुरुवात तिच्यापासूनच करा. आज संध्याकाळी दोघांना बोलवा, गाडी पालथी करा आणि मुलीला एकेक चाक बोटाने टिचकी मारून फिरवायला सांगा. कुठलं अडतंय, कुठे अडतंय, बाटलीला घासतंय की नळीत, ते तिने शोधायचं. नळीत असेल तर स्ट्रॉ उभा चिरून काडी मोकळी करायचं काम तुमचं. तोपर्यंत मुलगा स्लिपर शोधून ठेवील.

रबराची गाडी झाली की किती वेढ्यांत किती फरश्या गेली ते मला नक्की कळवा. झाकणं वेगळी, सीडी वेगळी.